बँडमास्तर, मी आणि कलम अकरा

आमच्या घरात कुणी कागदावर काही लिहायला बसलं, मग ती किराण्याची यादी का असेना, की माझी थोरली बहीण हमखास विचारते, "कलम अकरा टाकलं का रे त्यात?" सगळे हसतात. तिची लेकरंसुद्धा हसतात, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी हसत नाही. मी हिंगोलीच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो, चार लोक मला साहेब म्हणतात, आणि घरी आलो की ही थट्टा. पण बोलायला तोंड नाही. ते कलम मीच लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात.

गोष्ट आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. मी नांदेडला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला सगळं कळत होतं. दुसऱ्या वर्षाच्या पोराला जेवढा कायदा कळतो, तेवढा पुढे आयुष्यात कधीच कळत नाही. त्यातून करार कायदा हा विषय नुकताच शिकून झालेला. मला जिकडेतिकडे करार दिसायला लागले होते. कनेरगाव नाक्यावर बसमधून उतरून धाब्यावर चहा सांगितला की तो माझ्या लेखी प्रस्ताव असायचा आणि धाबेवाल्यानं मान हलवली की स्वीकृती. माय म्हणाली, "बस, वाढते," आणि भाकरीला उशीर झाला, तर मी तिला करारभंगाचे परिणाम समजावून सांगायचो. ती मला उलथनं दाखवायची.

करारभंग शिकवताना आमचे सर फळ्यावर तीन दारं काढायचे. खरोखरची, कडीकोयंड्यासकट. समोरच्यानं शब्द मोडला तर पहिलं दार नुकसानभरपाईचं. दुसरं, ठरलेलं काम कोर्टाकडून करवूनच घ्यायचं. तिसरं मनाईचं, म्हणजे आपलं काम टाकून त्यानं ते दुसरीकडे जाऊन करू नये म्हणून. तिन्ही दारं काढून झाली की सर दुसऱ्या दारावर फुली मारायचे आणि म्हणायचे, "गाणं, बजावणं, चित्र काढणं, असल्या कामाला हे दार बंद. कोर्ट कुणाच्या तोंडात बळजबरीनं पिपाणी कोंबत नाही." वर्ग हसला. मी ते वाक्य लाल शाईनं लिहून घेतलं आणि विसरून गेलो.

त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न ठरलं. अक्का म्हणजे ही थोरली बहीण. मुलगा पुसेगावच्या बाजूचा, शाळेत मास्तर. बैठकीत देण्याघेण्याची यादी झाली, पंचांनी पान खाल्लं, आणि मंडळी उठल्यावर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अक्काला विचारलं, "तुला काय पायजे ते सांग बाई."

अक्का शिलाई मशीनवर बसली होती. वर न बघता म्हणाली, "बाकी काई नको. घरापासून वेशीपस्तोर बँड वाजवत लावून द्या मला. हिंगोलीच्या मास्तरचा."

हिंगोलीचा हा बँडमास्तर आमच्या भागात नावाजलेला. त्याची क्लॅरोनेट ऐकायला अक्का लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात माळवदावर चढून बसायची. आबा म्हणाले, "हाट्ट तिच्या! एवढंच? पर वेशीपस्तोरच काहून?"

"बँड चालू असला की रडलेलं ऐकू येत न्हाई," अक्का म्हणाली आणि तिनं मशीन सुरू केली. "मला गावासमोर रडायची लाज वाटते आबा."

आबांनी नुसती मान हलवली. मागच्या वर्षी गल्लीतल्या एका पोरीची पाठवणी झाली, तिच्या हुंदक्यांची नक्कल टवाळ बायका पाण्याच्या टाकीवर महिनाभर करत होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे बँड, आचारी, मांडववाला, घोडेवाला, कुणालाही काम सांगायचं म्हणजे त्याच्या तळहातावर अख्खी सुपारी ठेवायची. त्यानं मूठ मिटली की काम ठरलं. मग पुढे दिवस बदलला तरी नुसता निरोप पुरे. त्याला स्वतःला जमत नसलं तर बदली माणूस शोधून पाठवणं त्याच्या अंगावर. सुपारी घेतली आणि आला नाही, असा माणूस आमच्या भागात मी पाहिलेला नाही. आजारी पडलेला आचारी बाजेवर पडून भाजीत मीठ किती ते ओरडून सांगताना मात्र पाहिला आहे.

मला हे सगळं फार अडाणीपणाचं वाटलं. लिखापढी नाही, साक्षीदार नाही, भंग झाल्यास काय त्याची तरतूद नाही. मी आबांना म्हणालो, "अक्काची एकच इच्छा आहे, ती सुपारीवर सोडू नका. मी करार करतो." आबांना माझं कौतुक होतं. पोरगं वकील होऊन राहिलं म्हणून ते नाक्यावर अनोळखी माणसालाही सांगायचे. मी दोन रात्री जागून स्टँप पेपरवर चौदा कलमांचा करार लिहिला, सात आणि नऊ नंबरच्या जागा समोरच्या पक्षाच्या मागण्यांसाठी मोकळ्या ठेवून.

हिंगोलीत मास्तरच्या दुकानात गेलो. भिंतीला ढोल टांगलेले, दोरीवर लाल कोट वाळत घातलेले, आणि मध्ये स्टुलावर बसून मास्तर क्लॅरोनेट पुसत होता. आबांनी रामराम केला, कमरेची चंची सोडली, पानाचा तो कापडी बटवा, आणि त्यातून एक अख्खी सुपारी काढून हात पुढे केला. मास्तरनंही हात पुढे केला. दोघांच्या हातात वीतभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात मी मध्ये कागद घातला.

"आबा, आता त्याची गरज नाही. कागद झालाय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं आणि सुपारी परत चंचीत टाकली. मला त्या वेळी फार भारी वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटते.

मी कागद मोठ्यानं वाचला. कलम तीन, शुक्रवारी सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत वाजवणे. कलम चार, नवरदेवापुढे वेशीपासून मांडवापर्यंत वाजवणे. कलम सात, वादकांना पंगतीत जेवण, त्यात बुंदी दोनदा. हे सात नंबरचं मास्तरच्या ढोलवाल्यानं घालायला लावलं. कलम नऊ मास्तरनं स्वतः मागितलं. "चारनंतर न्हाई वाजवणार, तेवढं लिवा. लोकं अंधार पडस्तोर सोडत न्हाईत. लई तकलीफ होते." मी लिहिलं. कलम अकरा माझं लाडकं. करारात कोणताही बदल फक्त लेखी आणि दोन्ही पक्षांच्या सहीनं होईल, तोंडी बदल चालणार नाही. कलम बारा, जो पक्ष करार मोडील त्यानं दुसऱ्याला ठरल्या रकमेच्या दुप्पट द्यायचे. शेवटचं कलम, वाद झाल्यास हिंगोलीचं कोर्ट.

"वाद काहून व्हईन?" मास्तरनं विचारलं.

"होणार नाही. पण झाला तर."

"पर काहून व्हईन?"

मी त्याला सही कुठं करायची ते दाखवलं. त्यानं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरलं, त्याची प्रत घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ती खिळ्याला टांगली. बारा नंबरचं कलम ऐकल्यापासून तो त्या पिशवीकडे भिंतीवर पाल दिसावी तसा बघत होता.

लग्नाला दहा दिवस उरले असताना नवऱ्या मुलाकडचा निरोप आला. मुलाचे मामा एसटीत ड्रायव्हर. डेपोनं त्यांना शुक्रवारची रजा नाकारली आणि गुरुवारची दिली. मामाशिवाय लग्न लागत नाही. भटजींनी पंचांग उलटंपालटं केलं आणि गुरुवारचाही मुहूर्त काढून दिला. झालं, लग्न एक दिवस अलीकडे आलं. छापलेल्या पत्रिकांचा सगळा गठ्ठा घेऊन मी ओट्यावर बसलो आणि एकेक पत्रिकेवरचा शुक्रवार बॉलपेननं खोडून गुरुवार केला. बोटं दुखून आली. सगळ्या पत्रिका बदलल्या. करार बदलला नाही. तो माझ्या पेटीत होता आणि माझ्या डोक्यात आलाच नाही.

आबांना मास्तर नाक्यावरच्या धाब्यावर भेटला. आबांनी त्याला सांगितलं, "लगन गुरवारचं झालं बरं का." तो म्हणाला, "बरं, बघतो." घरी येऊन आबा म्हणाले, सांगितलं मास्तरला. मी म्हणालो, बरं झालं. चौदा कलमांचा बाप तिथं उभा होता आणि त्याला आपलंच अकरावं लेकरू आठवलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजले, दहा वाजले. बँड नाही. नाक्यावर माणूस पाठवला, तो एकटाच परत आला. लगीनसराई असल्यामुळे हलगीवालेही दुसऱ्या गावाला गेलेले. परण्या निघायची वेळ झाली. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जाणार, आणि वाजंत्री म्हणून काही नाही. शेवटी मांडवातला भोंगेवाला पुढे झाला. त्याच्याकडे दोनच कॅसेट होत्या. एक आरत्यांची, ती टेपनं त्याच सकाळी खाल्ली होती. दुसरी गेल्या निवडणुकीतल्या प्रचाराची.

तर आमचे भावजी घोड्यावर बसून, बाशिंग बांधून, गंभीर चेहऱ्यानं निघाले आणि पुढे बैलगाडीवरचा भोंगा सांगू लागला, "बंधूंनो आणि भगिनींनो! पाच वर्षं तुम्ही काय भोगलं?" करवल्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या. घोडं दर "विचार करा!" ला थांबायचं. मारुतीपुढे नवरदेव उतरले तेव्हा भोंगा ओरडला, "चुकीच्या माणसाला निवडू नका!" मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं आमच्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

हे सगळं मी आज हसत सांगतो. पण दुपारची पाठवणी मला हसत सांगता येत नाही. भोंगेवाला जेवायला बसला होता. अक्का जीपकडे निघाली आणि सगळीकडे एकदम सामसूम झालं. पंगतीत पत्रावळ ओढल्याचाही आवाज येईल इतकं. अक्कानं ओठ दाबून धरले, मायच्या गळ्यात पडली आणि मग तिला आवरलं नाही. सगळ्या गावानं ऐकलं. टाकीवरच्या त्या बायकांनीही ऐकलं, पहिल्या रांगेत उभं राहून. आबा तिला जीपपर्यंत सोडून परत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

पाहुण्यांनी मला चढवलं. "वकीलसायेब, ठोका केस!" मीही पेटलो होतो. सर, फळा, तीन दारं, सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी म्हणजे शुक्रवारी मला मुऱ्हाळी म्हणून अक्काच्या सासरी जायचं होतं. आमच्याकडे लग्नानंतर भाऊ जाऊन बहीण-भावजींना परत घेऊन येतो, मांडवपरतणीला. मी चुलतभावाला म्हणालो, "तू जा, मला नोटीस लिहायची आहे." माय म्हणाली, "अरे, भईन मोठी का नोटीस मोठी?" मी म्हणालो, तिच्यासाठीच तर लिहितोय. पहिल्या बसनं चुलतभाऊ गेला. तो दोघांना घेऊन दुपारी तीनच्या बसनं यायचा होता.

सकाळी मी ओट्यावर बसून नोटीस पक्की करत होतो. नुकसानभरपाईत मी बँडची दुप्पट रक्कम, मुलीच्या बापाची मानहानी आणि घोड्याला झालेला मानसिक त्रास असे तीन भाग पाडले होते. तिसऱ्या भागात "सदर घोड्यास" असं लिहिलं आणि वेशीकडून ढोल वाजला.

धाडकन. मग झांज, मग क्लॅरोनेट.

बारा माणसं, बारा लाल कोट, पुढे मास्तर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. सकाळचे बरोबर नऊ वाजले होते. अर्धा मांडव उतरवून झाला होता. केळीचे खांब कुत्र्यानं आडवे केले होते. आबा दात घासत होते, ते तसेच उभे राहिले.

मास्तरनं क्लॅरोनेट काखेत घेतली आणि कोटाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. "शुक्रवार. नऊ. आमी हाजीर."

मी किंचाळलोच. "लग्न काल झालं! आबांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं ना. पर तोंडी सांगितलं." त्यानं कागद उलगडला आणि अकराव्या कलमावर बोट ठेवलं. "आमच्या गल्लीतल्या गुर्जीकडून तीनदा वाचून घेतलं. गुर्जी म्हणले, तोंडी बदल चालत न्हाई. गुरवारी वाजवलं तर त्ये कराराभाईरचं, अन् शुक्रवारी न्हाई वाजवलं तर दुप्पट."

"मग गुरुवारी तुम्ही काय केलं?"

"घरी बसलो. जिवाला घोर लागला व्हता. पोरगी जाऊन राहिली आन् आपुन घरात. पर कागद म्हंजे कागद. सुपारी असती तर काल पहाटीच आलो असतो बघा."

आबांनी तोंडातलं दंतमंजन थुंकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझी प्रत काढली. सगळी कलमं वाचली, खालून वर वाचली. मास्तरचं बरोबर होतं. कागदावर लग्न शुक्रवारीच होतं. तो ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी वाजवायला तयार होता, आणि लग्न आम्ही आदल्या दिवशीच उरकलं होतं. करार त्यानं मोडला नव्हता. आम्ही मोडला होता. माझ्या मांडीवरची नोटीस आता मलाच पाठवायला हवी होती. खरं तर अशी दुप्पट रक्कम लिहिली म्हणून कोर्ट तेवढी देतच नाही, वाजवी असेल तेवढीच देतं. पण ज्या तासाला सरांनी ते शिकवलं त्या तासाला मी सिनेमाला गेलो होतो.

"मंग काय करावं आता?" आबांनी विचारलं.

"त्यांना वाजवू द्यावं लागेल," मी हळूच म्हणालो.

"नवरदेव दाखवा," मास्तर म्हणाला. "कलम चार. नवरदेवापुढं वाजवणे. मोकळ्या रस्त्यापुढं वाजवलं तर उद्या तुमीच म्हनसाल, भंग केला." तो हे चेष्टेनं बोलत नव्हता. घाबरला होता बिचारा. त्या कागदानं त्याची झोप उडवली होती.

आबांनी तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्याला बशवा."

घोडं गेलेलं होतं. शेजाऱ्यानं शेणखताची बैलगाडी आणली, तिच्यात पोतं टाकलं, आणि मला वर बसवलं. बाशिंग बांधायला मायनं सक्त मनाई केली, अपशकुन होतो म्हणाली. म्हणून डोक्याला आबांचा तो ओला टॉवेल बांधला. बँड सुरू झाला. वेस ते मांडव, मांडव ते वेस. काल ज्यांना नाचायला मिळालं नव्हतं ते सगळे आज मोकळे होते. पाहुण्यांतला एक म्हातारा तर काठी टाकून नाचला. तांड्यावरच्या बायका बाजाराला निघाल्या होत्या, त्यांनी डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवल्या आणि आमच्यापेक्षा दसपट चांगलं नाचून पुढे गेल्या. टाकीवरच्या बायका मला विचारत होत्या, "नवरी कुठं है हो नवरदेव?" मी टॉवेल डोळ्यांवर ओढून बसलो. मला मनात खरोखर असं वाटत होतं, की देवा, बैल उधळू दे.

दुपारी जेवणाचा प्रश्न आला. बुंदी काल संपली होती. ढोलवाल्यानं कलम सात दाखवलं. माय पिठल्याची परात घेऊन बाहेर आली, तिनं त्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या हातचं पिठलं खायाचं का हा कागद खायाचा, सांगा." बाराही जणांनी पिठलं दोनदा घेतलं. माझ्या माहितीत इतक्या झटपट मिटलेला वाद दुसरा नाही.

जेवता जेवता आबांचा घास एकदम थांबला. "तीनच्या गाडीनं अक्का येऊन राहिली की!"

ते मास्तरजवळ सरकून बसले आणि त्याला सगळं सांगितलं. अक्काचं मागणं, कालची पाठवणी, सगळं. मास्तरनं ताट खाली ठेवलं. "पोरगी रडली, अन् समद्यांनी आयकलं?" त्यानं विचारलं. आबांनी मान हलवली. मास्तर उठला. "चला फाट्यावर. तिथून घरापस्तोर वाजवत आणू तिला. चारपस्तोर टाईम है."

सगळं गाव फाट्यावर जाऊन बाभळीखाली उभं राहिलं. तीन वाजले. सव्वातीन झाले. बँडवाल्यांनी वाद्यं पुसली. साडेतीन. रस्त्यावर एक म्हैस आली आणि गेली. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून डोळ्यांवर हात धरून बघत होते. मी घड्याळ बघत होतो. आयुष्यात मी कशासाठी इतका देवाचा धावा केला नाही, परीक्षेच्या निकालासाठीसुद्धा नाही. चार वाजले.

मास्तरनं क्लॅरोनेट पेटीत ठेवली.

"मास्तर, थोडं थांबा," मी म्हणालो.

"वकीलसायेब, कलम नऊ. चारनंतर वाजवलं तर भंग व्हईन ना?"

"नाही होणार. मी सांगतो ना, तुम्ही वाजवा."

"तोंडी?" त्यानं विचारलं.

मला खरंच रडू आलं. मी खिसे चाचपले, लेखी बदल करायला पेन होता, कागद नव्हता. माझा करार घरी पडला होता. मी म्हणालो, तुमच्या प्रतीवर लिहितो, द्या. मास्तर पिशवी छातीशी धरून मागे सरकला. तो म्हणाला, "न्हाई बाबा. आजून एक कलम नको." बँडवाले टेंपोत चढायला लागले. त्यांना वाशिमकडे दुसरं लग्न होतं.

तेवढ्यात वळणावर लाल गाडी दिसली.

स्टेअरिंगवर भावजींचे मामाच होते. शुक्रवारची रजा न मिळालेले. नवी सून आपल्या गाडीत बसली म्हणून त्यांनी रस्त्यातल्या प्रत्येक गावात गाडी थांबवून नात्यातल्या माणसांना ती दाखवली होती, दोन ठिकाणी चहाही झाला होता. गाडीतले उतारू त्यांना शिव्या घालून थकले होते. अक्का पुढच्या दारात उभी होती. बाभळीखालची गर्दी, लाल कोट, टेंपो, सगळं तिला दिसलं, आणि टेंपोत चढणारे ढोलही दिसले. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कालच्याइतकाच पडला.

मी मास्तरचा हात धरला. आबांनी मला बाजूला केलं. त्यांनी कमरेची चंची सोडली, आत बोटं घातली आणि ती सुपारी काढली. हिंगोलीच्या दुकानात मी मागे फिरवली होती तीच, अख्खी. इतके दिवस त्यांनी ती कातरली नव्हती.

आबांनी हात पुढे केला.

मास्तरनं सुपारीकडे पाहिलं. मग हातातली प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात कोंबली, तळहात कोटाला पुसला, सुपारी घेतली आणि मूठ मिटली. "उतरा रे!" तो टेंपोकडे ओरडला. "सुपारी आली!"

नव्या करारानं जुना संपतो, हे कलम मी पुढे परीक्षेत लिहिलं. उदाहरण म्हणून काय द्यावं याचा मला विचार करावा लागला नाही.

क्लॅरोनेट पेटीतून निघाली, ढोल उतरले, आणि अक्कानं फाट्यावर पाय ठेवला तेव्हा असा काही बँड वाजला, की बाभळीवरचे कावळे पार दुसऱ्या शिवारात गेले. मामांनी गाडी तिथंच बंद केली. उतारू खाली उतरले, दिवसभर शिव्या घालणारेही नाचले. अक्का आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदमच, आणि तिला कशाचीच लाज वाटत नव्हती. फाट्यापासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून घरापर्यंत मास्तर तिच्यापुढे उलटा चालत वाजवत होता.

आबा सगळ्यांच्या मागून चालत होते. मी वळून पाहिलं, तर त्यांचं तोंड उघडं होतं, खांदे हलत होते आणि ते लहान लेकरासारखे मोठमोठ्यानं रडत होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.